पाठीचं दुखणं पायात उतरलं

एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाची पाठ दुखली तर तिचं कोणी मनावर घेत नाही. उभं राहून, हादरे खाऊन, गर्दीत तिरकं होऊन तिकिटं फाडून आम्हा सगळ्यांच्याच पाठी कामातून गेलेल्या. डेपोत ज्याची पाठ दुखत नसे तो नुकता भरती झालेला, असं खुशाल समजावं. त्यामुळे निवृत्तीनंतर माझी पाठ दुखायला लागली तेव्हा मीही तिला फार भाव दिला नाही. जन्मभर खांबाला टेकून उभा राहिलो, आता ती वसुली करतेय, असं बायकोला हसत सांगितलं.

फरक एवढाच होता की दीड वर्षापूर्वी मला कॅन्सर झाला होता. कॅन्सर झालेल्या माणसाची पाठ ही कंडक्टरची पाठ राहत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कदाचित सांगितलंही असेल, पण त्या दिवसांत कानांवर पडलेलं निम्मं डोक्यात शिरत नव्हतं.

मी डॉक्टर नाही आणि औषधांची नावं मला आजही धड घेता येत नाहीत. ज्यांच्या घरात असा आजारी माणूस आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. वाचून वाईट वाटेल, त्याला माझा इलाज नाही.

मोठी बिमारी

भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठावर आमचं गाव. आम्ही दोघे भाऊ, एकाच घरात दोन चुली. मी थोरला, सगळ्यांचा नाना. धाकटा अशोक शेती बघतो. मला एक मुलगी, वैशाली, ती एरंडोलला दिलेली.

लघवीला त्रास होतो म्हणून धुळ्याला दाखवायला गेलो होतो. तपासण्या झाल्या, तुकडा काढून पाठवला आणि आठवड्याने डॉक्टरांनी आम्हा दोघा नवराबायकोला समोर बसवलं. प्रोस्टेट नावाच्या गाठीचा कॅन्सर आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. पुढे ते बरंच बोलले. मी त्यांच्या टेबलावरच्या पेनस्टँडकडे बघत राहिलो. त्यात चार पेनं होती आणि एकालाच टोपण होतं. बायकोने, सुमनने, एकच प्रश्न विचारला, "जेवणात पथ्य काय?" तिला दुसरं काही सुचलं नाही. मला तर तेवढंही सुचलं नाही.

बाहेर बसस्टँडवर आलो आणि सुमनने माझा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत तिने माझा हात कधी धरला नव्हता. मला लाज वाटली, आणि भीतीही तेव्हाच वाटली. त्याआधी वाटली नव्हती.

घरी तो शब्द कोणी उच्चारला नाही. आमच्याकडे त्याला 'मोठी बिमारी' म्हणतात, आणि तेही आवाज उतरवून. शब्द उच्चारला की घरात राहायला येतो असं आमच्या बायकांना वाटतं. मग पोटात द्यायची इंजेक्शनं झाली, लाइट, म्हणजे मशीनमधून किरणांचा शेक, घेणं झालं, आणि रक्तातले आकडे खाली आले म्हणून डॉक्टर खूश झाले. आता तीन महिन्यांनी या, म्हणाले. घरातली माणसं एवढी हुशार की बिमारीचं नाव न घेता घेता बिमारीच विसरून गेली. त्यांत मीही आलो.

मंगलचा पाय

पाठ दुखायला लागली ती दोन खांद्यांच्या मधोमध, जरा खाली. कंडक्टरची पाठ कमरेत दुखते. ही तिथे नव्हती. आडवं झालं की जास्त दुखायची, म्हणून मी उशी मागे घेऊन बसून झोपायला लागलो. खोकला आला की कळ छातीभोवती फिरून पुढे यायची, जणू कोणी पट्टा आवळतंय. आता एकेक लक्षण लिहिताना मला माझाच राग येतो. तेव्हा मात्र लचक भरली, याच्यापुढे कोणाची मजल गेली नाही.

आणि लचकेवर आमच्या घरात हुकमी औषध होतं. अशोकची बायको मंगल पायाळू आहे. आईच्या पोटातून पायांकडून जन्मलेली. अशा माणसाचा पाय पाठीवरून फिरवला की लचक, चमक, उसण निघते, हे इकडे लहान पोरही सांगेल. दर मंगळवारी आणि रविवारी मंगलकडे चार-दोन माणसं यायची. ओट्यावर पालथी पडायची, ती पाय फिरवायची, माणसं कंबर हलवत आनंदाने घरी जायची. तिने कधी कोणाकडून साधी सुपारीसुद्धा घेतली नाही.

अडचण एकच होती. मी तिचा जेठ. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराला पाय लावायचा, ही आमच्याकडे ऐकूनच कानांवर हात ठेवण्याची गोष्ट. लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्यासमोर कधी खाटेवर बसली नाही. चहासुद्धा सुमनच्या हातात द्यायची, मग सुमन मला.

सुमननेच तिला गळ घातली. "माणूस रातभर बशी ऱ्हास. तू गावना बठ्ठा लोकसले पाय लावस, घरना माणूसलेच नही?"

"वहिनी, माले पाप लागी," मंगल म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

शेवटी मीच सांगितलं की देवाला कळतं औषध कोणतं आणि लाथ कोणती. मग तिने माझ्या पाठीवर जाड टॉवेल पसरला, म्हणजे अंगाला पाय लागायला नको. माझ्या पायांवर डोकं ठेवलं. तोंड भिंतीकडे फिरवलं आणि टाच वरून खाली तीनदा फिरवली. पुन्हा पाया पडली आणि आत जाऊन रडली.

त्या दिवशी खरंच बरं वाटलं. सुमनने दुखण्याची गोळीही दिली होती, पण यश पायाला गेलं. दोन दिवसांनी दुखणं परत आलं. मग पुन्हा मंगळवार, पुन्हा रविवार. मंगलने माझ्यासाठी उपाससुद्धा धरला. आम्ही सगळ्यांनी इतक्या मायेने चूक केली की ती चूक आहे असं कोणाला वाटायला जागाच नव्हती.

चप्पल

मधल्या काळात पाय जड वाटू लागले. न्हाणीच्या पायरीवर दोनदा अडखळलो. मांड्यांवर गोणपाट गुंडाळल्यासारखं वाटायचं. लघवी अडकत अडकत व्हायची, पण ती माझी जुनीच तक्रार होती. शौचाला होत नव्हतं त्याचा दोष गोळ्यांना दिला. प्रत्येक गोष्टीला घरात एकेक कारण तयार होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं.

वैशाली सहज भेटायला म्हणून आली. मी अंगणातून तिच्याकडे चालत गेलो. ती माझ्या तोंडाकडे बघायचं सोडून खाली बघत होती.

"नाना, तुमची चप्पल मागे राहिली."

वळून बघितलं तर डाव्या पायातली चप्पल तुळशीजवळ पडली होती. मी तापलेल्या फरशीवरून अनवाणी पायाने चालत आलो होतो आणि मला पत्ताच नव्हता.

मी हसलो. ती हसली नाही. तिने मला तिथेच बसवलं आणि एकामागून एक प्रश्न विचारले. पाठ कधीपासून, पाय कधीपासून, लघवी कधी झाली. शेवटच्याचं उत्तर मला देता आलं नाही, कारण सकाळपासून झालीच नव्हती. तिने तिथल्या तिथे धुळ्याच्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडून डॉक्टर काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. वैशालीचा चेहरा मात्र दिसत होता.

"आत्ता निघायचं," ती म्हणाली. "उद्या नाही, जेवून नाही, आत्ता. आणि बसून न्यायचं नाही. सपाट झोपवून न्यायचं, पाठ वाकू द्यायची नाही."

अशोक म्हणाला, "आज मंगळवार शे. मंगल पाय लाई दी, मग निघूत."

माझ्या मुलीने काकाला उभ्या जन्मात उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारचे बाहेर आले. "कॅन्सर आहे त्यांना, काका! कॅन्सर!"

आमच्या अंगणात तो शब्द पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारला गेला. मंगल दाराशी पाय धुऊन उभी होती. तिने तोंडाला पदर लावला.

पारोळ्याचा रस्ता

कापूस वाहायच्या पिकअपमध्ये फळी टाकली, वर गादी, वर मी. वर निळं आकाश आणि विजेच्या तारा एवढंच दिसत होतं. ज्या रस्त्यावर आयुष्य काढलं तो रस्ता मी पाठीवर पडून प्रथमच पाहिला. वळणं मात्र ओळखू येत होती. पारोळा आलं तेही गतिरोधकांवरून कळलं. त्यानंतर कधीतरी मी अंगठा हलवून बघायचा प्रयत्न केला. हलला की नाही ते समजेना. सुमनला म्हटलं, बघ बरं. तिने चादर उचलली, पाहिलं आणि चादर परत टाकली. "हाली ऱ्हायना," ती म्हणाली. तीस वर्षांत ती इतकं वाईट खोटं कधी बोलली नव्हती.

धुळ्याला दुपारीच पोचलो. दारातच इंजेक्शन दिलं, लघवीची नळी घातली, आणि मशीनमध्ये पाठीचे फोटो काढले. कॅन्सर मणक्यात उतरला होता आणि आत मज्जारज्जू दाबत होता. पायांना जाणारा रस्ताच दाबला गेला होता. त्याच संध्याकाळी लाइट सुरू केले.

डॉक्टर वयाने लहान होते, पण माझ्याशी लपवाछपवी करून बोलले नाहीत. मी विचारलं, "चालेन ना?"

ते खुर्ची ओढून बसले. "नाना, या आजारात चालत आलेला माणूस बहुतेक वेळा चालत घरी जातो. पाय पूर्ण गेल्यावर आलेल्याचे पाय परत येणं अवघड असतं. तुमचे आज थोडे शिल्लक आहेत. आपण प्रयत्न करू."

"आठ दिवस आधी आलो असतो तर?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. नाही दिलं तेच बरं झालं असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, द्यायला हवं होतं.

वॉर्ड

वॉर्डात दिवस पहाटेच सुरू होतो. ताप बघायचा, नळीची पिशवी रिकामी करायची, चौघांनी मिळून लाकडाच्या ओंडक्यासारखं कुशीवर वळवायचं. स्वतःच्या हाताने कूस बदलता येणं ही श्रीमंती आहे, हे मला तिथे कळलं. सुमन माझं सगळं करायची. सगळं म्हणजे काय ते करणाऱ्यालाच माहीत. एकदा ती माझ्यावर चिडली, कारण मी चौथ्यांदा चादर सारखी करायला लावली होती. "मी बी माणूस शे," म्हणाली आणि बाहेर जाऊन बसली. परत आली तेव्हा दोन कप चहा घेऊन आली.

शेजारच्या खाटेवर रावेरकडचे एक केळीवाले पाटील होते. त्यांना रक्ताचा कॅन्सर, केमो चालू. ते घरी असताना ताप आला होता. फार नाही, अंग कोमट म्हणावं एवढाच. बायको काढा करत होती, तोवर ते गाडीत जाऊन बसले. "डॉक्टरनं बजावलं होतं, केमो चालू असताना ताप आला तर घरी गोळी खाऊन वाट पाहायची नाही," ते मला म्हणाले. "निस्ती गोळी घेऊन झोपलो असतो तं तसाच गेलो असतो." आठवड्याने ते पिशवी हातात घेऊन चालत घरी निघाले. जाताना त्यांनी माझ्या खाटेजवळ येऊन हात जोडले. मीही जोडले. मला त्यांचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला याची लाज वाटली नाही.

लाइट संपले. पाठीचं दुखणं निम्म्याहून कमी झालं. पाय तिथेच थांबले. उजवा गुडघा थोडा वर येतो. डावा माझा नाहीच. छातीच्या खाली सगळं बधिर.

मी खाटेवरून गाडीत आणि गाडीतून चाकाच्या खुर्चीत, असा घरी आलो. कॅन्सर अजून आहे. औषध बदललंय. किती दिवस, हे मी विचारत नाही.

घरी

मंगल माझ्यासमोर यायची बंद झाली. मी ओट्यावर असलो तर ती मागच्या दाराने जायची. पाय लावून घ्यायला येणाऱ्यांना तिने परत पाठवायला सुरुवात केली. अशोक सांगायचा की ती झोपेत दचकते, जेवत नाही, पाय पुन्हा पुन्हा धुते.

मग एका दुपारी घरात कोणी नसताना ती दाराच्या चौकटीआड येऊन उभी राहिली. मला फक्त साडीचा काठ दिसत होता.

"नाना, मना पायमुये हाई व्हयनं का?"

मी डॉक्टरांना हे आधीच विचारून ठेवलं होतं. जाड टॉवेलवरून हलकी टाच फिरवल्याने असं होत नाही, गाठ आधीपासूनच वाढत होती, असं ते म्हणाले होते. पण मणक्यात आजार असेल तर तिथे चोळणं, दाबणं, तुडवणं धोक्याचं, हेही म्हणाले होते. आणि खरं नुकसान झालं ते दिवस गेल्यामुळे.

तिला नुसतं 'नाही' सांगितलं असतं तर ती शांत झोपली असती. पण तिच्याकडे माणसं येत होती. म्हणून मी तिला सगळं सांगितलं. पाय तुझा, पण दिवस आपण सगळ्यांनी घालवले, मी सगळ्यांत जास्त. तू गुन्हेगार नाहीस. मात्र पुढे कोणी आलं, तर पाय लावायच्या आधी विचार की मोठी बिमारी कधी झाली होती का. झाली असेल तर हात जोड आणि दवाखान्यात पाठव.

मग ती म्हणाली, "विचारसू."

तिने खरंच विचारायला सुरुवात केली. लोकांना ते झोंबलं. कंबर धरून आलेल्या माणसाला ओट्यावर असलं अभद्र विचारायचं म्हणजे काय! माणसं कमी झाली. गावात बोलणं सुरू झालं की जेठाला लुळा केला आणि आता दुसऱ्यांना बिमारी लावत फिरते. मंगलने ते ऐकून घेतलं आणि विचारत राहिली.

कमलअक्का

गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतल्या कमलअक्का आल्या. वयाने माझ्याहून मोठ्या, जिभेने तिखट. मुलाच्या खांद्यावर हात टाकून आल्या होत्या. मी आतल्या खोलीतून ऐकत होतो. पाठ दुखतेय, वरच्या बाजूला, झोपवत नाही. मंगलने विचारलं, "अक्का, तुमले मोठी बिमारी व्हयेल शे का?"

"तुन्या तोंडले काही हाड शे का नही?" अक्का कडाडल्या. "मी पाय लावाले उनू, तू माले काय विचारस?" आणि मुलाला घेऊन निघून गेल्या.

मंगल धावत आत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"नाना, तिना पाय फरफटी ऱ्हायनात. मी दखं. आते ती मोटरसायकलवर दुसरा पायाळूकडे जाई ऱ्हायनी."

कमलअक्कांचं काही वर्षांपूर्वी जळगावला छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं म्हणूनच कोणी बोलत नव्हतं.

मी अशोकला हाक मारली. त्याने खुर्ची दगडधोंड्यांवरून ढकलत मागच्या गल्लीत नेली, मंगल मागे. मुलगा मोटरसायकल चालू करून बसला होता आणि अक्का मागे चढायच्या बेतात होत्या. मला बघून थांबल्या. मी पांघरूण बाजूला केलं, धोतर वर घेतलं आणि पाय उघडे केले. काटक्या झालेले, पांढरे पडलेले. भर गल्लीत. लाज वाटायचे दिवस माझे संपले होते.

"अक्का, मी तुम्हाला काही विचारत नाही," मी म्हणालो. "फक्त माझ्या मांडीला एक चिमटा काढा. जोरात."

"येड लागनं का नाना तुले?"

"काढा."

त्यांनी वाकून चिमटा काढला. मला चांगलं दिसत होतं, नख रुतलं होतं, कातडीवर लाल खूण उमटली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"लागनं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. माझीही पाठच दुखत होती."

अक्कांनी साडीवरूनच स्वतःच्या मांडीला चिमटा काढला. मग पुन्हा एकदा काढला, जास्त जोरात. मुलाने मोटरसायकल बंद केली.

"माले बी समजत नही," त्या म्हणाल्या. "कालपाईन." कालपासून म्हणजे एकच दिवस.

मंगल तोवर गाडी सांगायला चौकाकडे पळत सुटली होती.